तिठ्यावरची गुणपत्रिका

परुळ्याच्या तिठ्यावर, रात्री अडीच वाजता,
मी नरकासुराला गुण देत उभी आहे.
मंडळाने पेन दिलंय, पुठ्ठा दिलाय,
एक पाय वाकडा असलेली प्लास्टिकची खुर्ची,
आणि छापील तक्ता: उंची, चेहरा, चलचित्र, शिस्त.
पोस्टात बत्तीस वर्षं शिक्के मारले,
म्हणून त्यांना वाटलं, ही बाई पक्षपात करणार नाही.

पहिला असुर चिव्याच्या काठ्यांचा, बावीस फुटी.
डोळ्यांच्या जागी मोटारसायकलचे दिवे.
"बाय, गेल्या वर्षापरास दोन फूट वाडलो,"
उल्हास केळुसकर सांगतो. कोपरापर्यंत खळ.
"पोटात काय रे?"
"पेंडो. आनि लवंगीचे तीन माळी."
पोटाला रकाना नाही.

हा इतका मोठा कधी झाला?

माझ्या लहानपणी अंड्याएवढा होता.
हिरवा, अंगावर फिकट पट्टे,
गडग्यावरच्या वेलीला उलटा लटकलेला.
कारीट.
पहाटे तेल चोपडलेल्या अंगाने तुळशीपुढे जायचं,
डाव्या अंगठ्याखाली धरायचं त्याला,
गोविंदा! म्हणायचं, आणि फट्‌.
संपली लढाई.
रसाचं बोट जिभेला. मग सातविणीचा काढा,
तो तर असुरापेक्षा कडू.
मग पोहे: गुळातले, ताकातले, कांद्यातले,
नारळाच्या रसातले, आणि केरकरांकडचे नुसतेच तिखट.
दिवाळी हा शब्द कॅलेंडरात असायचा.
आम्ही चावदिवस म्हणायचो.

पोथीत त्याचं गाव प्राग्ज्योतिषपूर.
आमच्या पोस्टातून तिकडे एकही पत्र गेल्याचं आठवत नाही.
हा मात्र पिनकोडशिवाय
दरवर्षी बरोबर पोचतो.

एकदा द्वारकी गावडीणीला विचारलं होतं,
ती व्हायनात भाजलेलं नवं भात कांडत होती,
"आधी कृष्ण की आधी पोहे?"
मुसळ न थांबवता म्हणाली,
"आदी पावस थांबाक होयो."

कागदाचा असुर बांद्याच्या बाजूने आला म्हणतात.
आमच्या वाडीतला पहिला सगुण मेस्त्र्याने केला,
गणपतीतून उरलेल्या रंगांत,
त्यामुळे त्याचे कान जरा गजाननासारखे दिसत.
मग वर्गणी आली. मग स्पीकर.
मग आमदारांचा फलक, असुराच्या छातीपेक्षा रुंद.
पोहे आता पाकिटातून येतात, कुडाळहून.
मी तक्रार करत नाहीये.
व्हायनापाशी माझे खांदे कधी दुखले नाहीत,
द्वारकीचे दुखले.

पावणेचारला पाऊस आला.
न सांगता, कापलेल्या भातावर, स्पीकरवर, माझ्या तक्त्यावर.
कृष्ण झालेला तिसरीतला पार्थेश
खोक्यावर झोपला होता, मोरपीस गालाखाली मोडलेलं.
त्याला कुणी उचललं नाही.
सगळी पोरं असुराकडे धावली.
एकाने ताडपत्री ओढली, एक शिडीवर छत्री घेऊन,
आणि उल्हासने अंगातला रेनकोट काढून
त्या भयंकर तोंडावर पांघरला,
हनुवटीखाली बटण लावलं.
तासाभराने ज्याला जाळायचं, त्याला
सर्दी होऊ नये म्हणून.

मी शिस्तीच्या रकान्यात दहा लिहिले.
शाई पसरली. ते शंभरही वाचता येतील.

शेवटी तो नीट पेटलाच नाही.
रॉकेल ओतलं, एक हात जळला, एक डोळा चालूच राहिला.
पार्थेश उठून रडू लागला, "माका मारूक गावलो नाय!"

साडेपाचला घरी आले.
कारीट कालच घेतलं होतं, बाजारात, वीस रुपयांना पाच.
एकटीच, तुळशीपुढे, गुडघा सांभाळत
अंगठा ठेवला. गोविंदा हळूच म्हटलं,
शेजारी झोपलेले.

जीभ कडू झाली. तीच चव, तेवढीच.
बिया बोटांच्या बेचक्यात अडकल्या.
तांब्याभर पाणी ओतलं पायावर,
ते गडग्याच्या दिशेने गेलं.